रविवारच्या पुरवणीतलं स्टेक : आधी तवा तापू द्या, लोणी शेवटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लसूण-बटरमधल्या झणझणीत स्टेकच्या, म्हणजे मोठ्या आचेवर झटपट भाजायच्या बीफच्या, तुकड्यांची कृती छापून आली. मराठी पुरवणीने हा पदार्थ छापला याचा मला मनापासून आनंद झाला. आमच्या वसईकडे, गोव्यात, मुंबईच्या जुन्या गावठाणांत हे मांस घरोघरी शिजतं, पण छापील पाककृतींत त्याला सहसा जागा मिळत नाही. म्हणूनच पत्र जरा लांबलं तरी लिहितो आहे. छापलेल्या कृतीबरहुकूम कुणी केलं, तर ताटात राखाडी, चिवट मांस आणि करपून कडू झालेला लसूण येईल. तो वाचक पुन्हा या पदार्थाच्या वाटेला जाणार नाही, आणि त्यात बिचाऱ्याचा काही दोष नसेल.

माझं सगळं कामाचं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं. मेसमन, म्हणजे खलाशांचा वाढपी, म्हणून चढलो, चीफ कुक म्हणून निवृत्त झालो. मी ज्या जहाजांवर होतो तिथे आठवड्यातून एकदा स्टेक ठरलेलं असायचं. खलाशी त्या जेवणाची वाट पाहायचे, आणि ते बिघडलं तर दोन दिवस मेसमध्ये कुणी धड बोलायचं नाही. जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, आगीच्या भीतीने गॅसची ज्योत नसते, विजेवर तापणाऱ्या जाड लोखंडी प्लेट असतात. त्या तापायला फार वेळ घेतात, पण एकदा तापल्या की उष्णता सोडत नाहीत. घाई करणाऱ्याला त्या प्लेट काही देत नाहीत. मी जे काही शिकलो ते तिथे शिकलो.

तुमच्या कृतीत मांस रात्रभर आलं-लसूण पेस्ट, लिंबू आणि दह्यात मुरवायला सांगितलं आहे. मग नॉनस्टिक पॅनमध्ये भरपूर लोणी वितळवायचं, त्यात लसूण परतायचा, सगळं अर्धा किलो मांस एकदम टाकायचं आणि झाकण ठेवून पंधरा मिनिटं शिजवायचं. ही रश्शाच्या मटणाची पद्धत आहे आणि रश्शाला ती उत्तम आहे. इथे मात्र यातली एकेक पायरी पदार्थाच्या मुळावर येते.

तुकड्याला बाहेरून जो तपकिरी, खमंग थर यायला हवा तो मांसातली प्रथिनं आणि त्यातली थोडी साखर यांच्या रासायनिक क्रियेतून येतो. लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. ही क्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर जोर धरते. पाणी उकळतं १०० अंशाला. म्हणजे तुकड्याच्या अंगावर पाणी, दही, पेस्ट, काहीही ओलं असेल, तर ते आटेपर्यंत तिथलं तापमान शंभराच्या आसपासच अडकून राहतं, आणि तोवर आतलं मांस शिजून आवळलेलं असतं. झाकण ठेवलं की वाफ परत खाली पडते, म्हणजे आणखी पाणी. पेस्टचं मुरवण आणि झाकण या दोन गोष्टी कृतीतून काढल्या तरी निम्मं काम होईल.

आपल्याकडे मांस धुतल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही, हे मला ठाऊक आहे. धुवायचंच असेल तर अख्खा तुकडा धुवा, कापल्यावर नको. मग स्वच्छ सुती फडक्याने दाबून दाबून टिपा, इंचभराचे चौकोनी तुकडे करा, ताटलीत एकेक सुटा मांडा आणि तासभर फ्रिजमध्ये उघडेच ठेवा. मीठ याच वेळी लावा. मिठाने आधी पाणी सुटतं, पण तासाभरात ते पुन्हा आत मुरतं आणि वरचा भाग कोरडा होतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी तव्यावर टाकायच्या अगदी ऐन वेळी मीठ लावावं. मीठ लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवणं सगळ्यात वाईट, कारण तेव्हा सुटलेलं पाणी नेमकं वर असतं.

आता मांसाविषयी. कृतीत नुसतं ‘बीफ’ लिहिलं आहे आणि कुठला भाग घ्यावा याचा उल्लेखच नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-वासरांबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर आणि त्या मांसाच्या विक्रीवर बंदी आहे. म्हशीच्या मांसाला ती लागू नाही. आपल्या पुरवणीने हे एका ओळीत स्पष्ट लिहायला हवं होतं, एखादा वाचक नाहक अडचणीत यायला नको. आणि म्हशीचं मांस म्हणजे कमअस्सल, हा समजही सोडून द्यावा. त्याचा रंग जरा गडद असतो आणि मांसात चरबीचे धागे कमी असतात. म्हणून ते जास्त वेळ आचेवर राहिलं की लवकर कोरडं पडतं. म्हशीला कमी वेळ आणि शेवटी लोणी, दोन्ही मानवतं.

खाटकाकडे अंडरकट मागा. पाठीच्या कण्याखाली आतल्या बाजूने जाणारा हा लांबट स्नायू आहे. जनावराच्या चालण्याफिरण्यात त्याला फारसं काम नसतं, म्हणून तो सगळ्यात मऊ. एका जनावरात असे दोनच निघतात, तेव्हा आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं. त्यावरचा पांढरा चिवट पापुद्रा पातळ सुरीने सोलून काढा, तो कितीही शिजवला तरी मऊ होत नाही. सकाळी कापलेलं मांस लगेच दुपारी करू नका. ताज्या मांसाचे स्नायू आखडलेले असतात, फ्रिजमध्ये एखादा दिवस राहिले की सैलावतात. कच्ची पपई अंडरकटला मुळीच लावू नका. मांडीच्या मांसाला ती उपयोगी पडते, इथे वरचा थर पिठूळ करून टाकते.

नॉनस्टिक पॅन या कामाला घेऊ नये. त्याचा लेप साधारण २६० अंशांपुढे बिघडू लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामा पॅन तिथवर बघता बघता पोचतो. आपल्याकडे त्याहून कितीतरी चांगली वस्तू आहे. कोकणात ज्यावर घावणे काढतात तो बिडाचा तवा! थोडा खोलगट, काठाचा मिळाला तर उत्तम. अमेरिकेत याच कामासाठी बिडाचंच भांडं वापरतात, फक्त त्याला लांब दांडा असतो. बीड जाड आणि जड असतं, त्यामुळे थंड मांस टाकलं तरी एकदम गार पडत नाही. तवा मध्यम आचेवर निवांत पाच-सात मिनिटं तापू द्या. पाण्याचा थेंब टाकून पाहा. जागच्या जागी चुरचुरून आटला तर तवा अजून तयार नाही. थेंब पाऱ्यासारखा गोळी होऊन तव्यावर पळू लागला की आच मोठी करा, चमचाभर शेंगदाण्याचं रिफाइंड तेल फिरवा आणि तुकडे मांडा.

मांडा म्हणतो, ओता म्हणत नाही. दोन तुकड्यांत बोटभर अंतर हवं. अर्धा किलोचे दोन किंवा तीन घाणे करा. आणि मग हात मागे घ्या. या वेळी कानाने स्वयंपाक करायचा असतो. सलग, मोठा, कोरडा चर्र आवाज येत राहिला पाहिजे. तो मंदावून रटरट सुरू झाली की समजावं, पाणी सुटलं, गर्दी झाली. पहिल्या मिनिटात चिमट्याने उचलायला गेलात तर तुकडा तव्याला धरून बसतो. थर धरला की तो आपणहून सुटतो, ओढावा लागत नाही. सुटला की पालटा. तीन-चार मिनिटांत घाणा ताटलीत. मोठ्या आचेवर रस आत कोंडला जातो असं अजूनही सांगितलं जातं. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाने ते मत मांडलं आणि पुढे ते खोटं ठरलं. मोठी आच चवीसाठी, त्या थरासाठी.

लोणी कधी, हा खरा प्रश्न. लोण्यात साधारण ऐंशी टक्के स्निग्धांश असतो, बाकी पाणी आणि दुधातले घट्ट कण. तापलेल्या तव्यावर पाणी उडून जातं आणि ते कण क्षणात काळे पडतात. लसणाचंही तेच. त्यामुळे सगळे घाणे निघाल्यावर गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग पन्नास ग्रॅम लोणी आणि सात-आठ पाकळ्या बारीक चिरलेला लसूण घाला. चिरलेलाच, पेस्ट नको. तव्यातल्या उष्णतेवर लसूण कडेने जेमतेम सोनेरी होतो, तेवढाच पुरे. ताटलीत साठलेल्या रसासकट मांस परत तव्यात, दोनदा वर-खाली करायचं, झालं. लिंबू मात्र ताटात पिळा. आंबट पदार्थ बिडाच्या तव्यावर राहिला की तव्याचा तेलकट थर जातो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते.

तिखट घालायचं ते याच लोण्यात. तुमच्या कृतीत मिरचीपूड आधीच मांसाला चोळली आहे. तशी ती तापल्या तव्यावर पडली तर घरभर ठसका उठतो आणि पूड करपून कडू होते. लोण्यात मात्र मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही उतरतात, कारण तिच्यातला तिखट घटक पाण्यापेक्षा स्निग्धांशात चांगला विरघळतो.

परदेशी केजन मसाला विकत आणायला सांगितलं आहे, त्याबद्दलही लिहायला हवं. केजन लोक मूळचे फ्रेंच भाषक. इंग्रजांनी १७५५ पासून त्यांना आजच्या कॅनडातल्या अकेडियामधून हुसकावलं आणि त्यांच्यातले बरेच आजच्या अमेरिकेतल्या लुइझियानाच्या दलदलीत येऊन वसले. तिथल्या न्यू ऑर्लिअन्स बंदराला जहाज लागलं की मी हे जेवण शोधत फिरायचो. त्याच शहरात पॉल प्रूडोम या शेफने मसाला लावलेला मासा लाल तापलेल्या बिडाच्या भांड्यात काळसर भाजण्याची रीत १९८०च्या दशकात जगभर पोचवली. ती धुरकट खुमारी हवी असेल तर तशी मोकळी, हवेशीर जागा हवी. आपल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात ते करू नये.

त्या मसाल्यात असतं काय? लाल मिरची, पॅप्रिका म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड, काळी आणि पांढरी मिरी, कांदा-लसणाची पूड, आणि थाइम, ओरेगॅनो ही वाळवलेली सुवासिक पानं. आपली काश्मिरी मिरची रंगाला, लवंगी तिखटाला, आणि मिरी जाडसर कुटलेली. राहिला थाइम. त्याचा वास थायमॉल नावाच्या ज्या घटकामुळे येतो, तेच आपल्या ओव्यात भरपूर असतं. म्हणून चिमूटभर ओवा हातावर चोळून घाला, पण चिमूटभरच, नाहीतर भजीचा वास येतो. आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या जुन्या ख्रिस्ती, घरांत तर उन्हाळ्यात कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरलेला बॉटल मसाला वर्षभर असतो. अर्धा चमचा तो, बाकी काही नको. माझी सून मसाल्याची बाटली उघडते तेव्हा मला न्यू ऑर्लिअन्सची आठवणसुद्धा येत नाही, इतका तो आपल्या जागी पूर्ण आहे.

आतून किती शिजवावं यावर घराघरांत वाद होतात. कापल्यावर निघणारा लालसर रस रक्त नसतो, तो मायोग्लोबिन या प्रथिनाचा रंग असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम अखंड तुकड्यांसाठी आतलं तापमान ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं विश्रांती असा आहे. खिम्यासाठी तो ७१ अंश आहे. जहाजावर मी ज्याला जसं हवं तसं द्यायचो. इथे घरी, उघड्या बाजारातलं मांस असताना, मी गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत नेतो, आणि लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं असतील तर यात तडजोड करू नका असं आग्रहाने सांगेन. अंडरकट असल्याने तेवढं शिजूनही ते दाताखाली मऊच लागतं. त्यासाठी वेगळं झाकण नको, लोण्यात टाकल्यावर मंद आचेवर मिनिट-दोन मिनिटं जास्त ठेवायचं.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे की येत्या पुरवणीत दुरुस्ती छापावी: मुरवण आणि झाकण काढावं, नॉनस्टिकच्या जागी बिडाचा तवा लिहावा, आणि मांस म्हशीचं, भाग अंडरकट, हे नाव घेऊन लिहावं. जागा उरली तर एक ओळ बोकडाचं मटण खाणाऱ्यांसाठीही टाका. ते बिनहाडाचं घेऊन या रीतीने करू नका, मांडीचं मटण चार मिनिटांत वातड होतं. त्याऐवजी कलेजी घ्या, तिच्यावरचा पातळ पडदा काढा, तशीच कोरडी टिपा आणि आतून कच्ची राहणार नाही इतपत भाजा. मीठ मात्र कलेजीला तव्यावरून उतरवल्यावरच.

आपला,
एक निवृत्त जहाजी स्वयंपाकी
वसई