भट्टीवर गेलेली पोरे आपल्याच जिल्ह्यात आहेत, साहेब

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, ठाणे

महोदय,

दिवाळीचे कंदील उतरले की शहापूर, मुरबाडच्या कातकरी वाड्यांत टेम्पो येऊ लागतात. पावसाळ्यात घरात दाणा नसताना बयाणा घेतलेला असतो, तो फेडायला वीटभट्टीवर जायचे. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरे एकाच टेम्पोत चढतात, ती परततात थेट पावसाच्या तोंडावर. जूनमध्ये पट भरलेला, डिसेंबरात वर्ग ओस, हे मी मुरबाड तालुक्यात शिक्षक असताना दरवर्षी पाहिले. निवृत्तीनंतर ठाण्यात राहतो, पण भिवंडीकडच्या भट्ट्यांवर अजून जातो.

तिथे चौथीतली एक मुलगी भेटली. सकाळी थापलेल्या विटा कडेवर उभ्या करायच्या, दुपारी भावाला सांभाळायचे. शाळेची जुनी वही मात्र तिने टाकलेली नव्हती. मागच्या पानांवर रोजच्या विटा आणि आठवड्याला उचललेली खर्ची, म्हणजे खर्चापुरते पैसे, मांडलेली होती, कारण मुकादमाचा हिशोब बापाला पटत नव्हता. बेरजा बरोबर होत्या. जवळच्या शाळेत का जात नाहीस, विचारले तर म्हणाली, "दाखला नाय ना गुरुजी."

दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम ५ मध्ये हे स्वच्छ लिहिले आहे. आणि या मुलीची गावची शाळा जिल्हा परिषदेची, भट्टीजवळची शाळाही जिल्हा परिषदेचीच. एकाच कार्यालयाच्या दोन शाळांमधला कागद अडाणी आईबापाने का वाहायचा? दोन मुख्याध्यापकांनी एकमेकांना फोन केला तरी पुरे.

हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ठाऊक आहे. मूल गावात आजीपाशी ठेवा, जेवण शाळा देईल. पण कातकरी वाडीतली आजीसुद्धा भट्टीवर असते, साहेब.

मुले नेमकी कुठे गेली ते कळत नाही, असे उत्तर मला नेहमी मिळाले. मला ते पटत नाही. विटांच्या मातीची रॉयल्टी तहसीलदार वसूल करतात. कुठल्या गावात, कोणाच्या जागेत भट्टी आहे, ते महसूल खात्याकडे नोंदलेले असते. माती मोजता येते, मग पोरे का नाहीत?

भट्ट्यांची ही यादी महसूल खात्याकडून दिवाळीआधी मागवा. प्रत्येक भट्टी जवळच्या शाळेला जोडून द्या, आणि तिथल्या मुलांची हजेरी व पोषण आहार त्याच आठवड्यापासून सुरू होऊ द्या. शाळा लांब असेल, मध्ये महामार्ग असेल, तर शिक्षकाने भट्टीवर जावे. यात नवीन काही नाही. कोसबाड ठाणे जिल्ह्यात होते तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. पुढे याच जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा (भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची झोपडी) भरल्या, त्याही स्वयंसेवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी भरवल्या. सरकारी यंत्रणेकडे तर पगारी शिक्षक आहेत.

भट्टीमालक कुरकुर करतील. करू द्या.

या पत्राची प्रत भिवंडी आणि कल्याणच्या तहसीलदारांनाही पाठवत आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ठाणे