वजन बरोबर, पण सूत कसं आहे? : आरोग्यमंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : मधुमेह असलेल्यांच्या हाडांची तपासणी आणि तिच्या कागदाचा अर्थ

महोदय,
स. न. वि. वि.

मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात बावीस वर्षं हिशेब लिहिते. पत्राला निमित्त माझ्या आईचा खुबा आहे. पण गाऱ्हाणं तिच्या एकटीचं असतं तर ते घरातच ठेवलं असतं.

आईला आम्ही अम्मा म्हणतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेच चालतं. अम्मा अडुसष्ट वर्षांची. तेराव्या वर्षापासून मांडीवर सूप घेऊन तिनं विड्या वळल्या, डोळ्यांनी साथ सोडेपर्यंत. जमिनीवर बसून, दार अर्धं लोटून, कारण वारा आला की तंबाखू उडते. सोलापूरचं ऊन सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण अम्माच्या अंगाला ते लागलं पान आणायला आणि माल द्यायला विडी कारखान्याच्या ब्रँचपर्यंत जाताना, तेवढंच. साखर सतरा वर्षांपासून.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका हॉलमध्ये हाडांच्या ठिसूळपणाचं मोफत शिबिर लागलं होतं. टाच एका छोट्या यंत्रात ठेवायची, मिनिटभरात कागद हातात. अम्माच्या कागदावर हिरव्या पट्ट्यात खूण आणि खाली 'नॉर्मल'. बरोबरच्या दोन बायकांना कॅल्शियमची चिठ्ठी मिळाली, हिला नाही. ''मशीननं मला पास केलंय,'' असं ती पुढं कितीतरी दिवस गल्लीत सांगत होती. छाट काढणाऱ्यासमोर, म्हणजे खराब विड्या बाजूला टाकणाऱ्यासमोर, ज्या बाईचं आयुष्य गेलं, तिला पास होण्याचं अप्रूप असतंच.

त्याच दिवाळीत ती उंबऱ्याला अडखळली आणि मनगट मोडलं. प्लास्टर झालं, सहा आठवड्यांनी निघालं. साखरेचे डॉक्टर वेगळे, हाडाचे वेगळे. एकानं साखर पाहिली, दुसऱ्यानं मनगट. चालता चालता पडल्यावर हाड मोडतंच कसं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग गेला श्रावण. सोमवारचा उपास, सिद्धेश्वराचं दर्शन, संध्याकाळी उपास सोडला तोही नावापुरता. रात्रीची साखरेची गोळी मात्र सवयीनं घेतली. पहाटे मोरीत गेली ती तिथंच कोसळली. ग्लुकोमीटरवर आकडा आला 54, म्हणजे साखर फारच उतरलेली. डावा खुबा मोडला होता.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा डेक्सा करायला सांगितलं. झोपवून कमरेचे मणके आणि न मोडलेल्या बाजूचा खुबा क्ष-किरणांनी मोजतात ती तपासणी. किरणांची मात्रा अगदी थोडी असते. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या मानानं घनता किती कमी-जास्त तो आकडा, आला उणे 1.6. जागतिक आरोग्य संघटनेनं 1994 मध्ये आखलेल्या मापानं उणे 1 पर्यंत हाड ठीक, उणे 1 ते उणे 2.5 म्हणजे घनता कमी, आणि उणे 2.5 किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. म्हणजे खुबा मोडून खाटेवर पडलेली माझी अम्मा कागदावर ऑस्टिओपोरोसिसची पेशंट नव्हतीच! मी चक्रावले. वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टर मुलीनं तिची ड्युटी संपल्यावर मला बसवून समजावलं. ते मी माझ्या भाषेत सांगते.

आमच्याकडे टॉवेलचा दर जीएसएमवर ठरतो, एका चौरस मीटरला किती ग्रॅम. डेक्साही तेच करतं, फक्त चौरस सेंटिमीटरला ग्रॅम. पण जीएसएम वजन सांगतो, सूत सांगत नाही. पाचशे जीएसएमचा टॉवेल कुजक्या सुताचा असेल तर दुसऱ्या धुण्यात फाटतो, आणि तेव्हाही काट्यावर तो पाचशेच भरतो. टाइप 2 मधुमेहात, म्हणजे अम्मासारखा बहुधा मोठेपणी होतो त्यात, हाडाचं असंच होतं. घनता पुष्कळदा ठीक दिसते, कधी इतरांपेक्षा जास्तही, आणि तरी हाड लवकर मोडतं. टाइप 1 मध्ये निदान आकडा तरी खरं बोलतो, घनता कमीच भरते.

कारण पुन्हा साखरच. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणी रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजते. तशीच ती हाडातल्या कोलॅजनलाही चिकटते. कोलॅजन म्हणजे हाडाचं सूत, त्याला लवचिकपणा देणारं. लाल पेशी सुमारे 120 दिवसांत बदलतात, त्यांच्याबरोबर ती साखरही जाते. हाडातलं कोलॅजन वर्षानुवर्षं तेच राहतं, आणि मधुमेहात जुनं हाड काढून नवं भरण्याचं कामही मंदावतं. वजन तेच, सूत कडक झालेलं. त्यात पायाची बधिरता, डोळ्यांचा बिघडलेला पडदा आणि अवेळी उतरणारी साखर माणसाला पाडतात. यांतलं काहीच काट्यावर दिसत नाही.

जाणकारांना हे ठाऊक नाही असं नव्हे. टाइप 2 असलेल्या माणसाचा टी-स्कोअर साधारण अर्ध्या अंकानं खाली धरून वाचावा, असं तज्ज्ञ सांगतात. पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढणारी फ्रॅक्स नावाची प्रश्नावली 2008 पासून जगभर वापरात आहे. तिच्या मूळ खान्यांत टाइप 2 मधुमेहाला जागाच नाही, म्हणून काही डॉक्टर त्याऐवजी ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या खान्यात 'हो' लिहितात, म्हणजे धोका जरा खऱ्याच्या जवळ येतो. आमच्या हिशेबात याला ॲडजस्टमेंट एंट्री म्हणतात, आणि ऑडिटर तिच्यापुढं लाल खूण करतो. अमेरिकन डायबिटीस असोसिएशननं 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत हाडांसाठी वेगळा भाग घातला. आणि साध्या पडण्यानं खुबा मोडला तर टी-स्कोअर काहीही असो, ते ऑस्टिओपोरोसिसच समजून उपचार करायचे असतात. अम्माचे आता चालू आहेत. मनगटाच्या वेळीच चौकशी झाली असती तर कदाचित बरेच आधी सुरू झाले असते.

मंत्रिमहोदय, तुम्ही यावर तालुक्याला एकेक यंत्र जाहीर कराल, अशी मला भीती वाटते. फीत कापायला यंत्र बरं असतं. पण कागद वाचणारा नसेल तर महागडं यंत्रही अम्माला पासच करील. म्हाताऱ्या मणक्यांना फुटलेले काटे आणि शेजारच्या रक्तवाहिनीत साठलेला चुना हेदेखील त्या आकड्यात भर घालतात. आणि टाचेचं यंत्र तर डेक्सा नव्हेच. ते ध्वनिलहरींनी मोजतं, आणि 1994 चं ते माप त्याला जसंच्या तसं लागू होत नाही. त्यावरून कुणाला पुढं पाठवावं एवढं ठरवता येईल, पण मधुमेह्याच्या हातात 'नॉर्मल'चा कागद देऊन त्याला घरी पाठवणं धोक्याचं आहे. शिबिरं बंद करा असं मी म्हणत नाही. पण परवानगी देताना मधुमेह असलेल्याच्या कागदावर 'या तपासणीवरून हाड मजबूत आहे असे समजू नये' एवढी ओळ मराठीत छापायची अट घाला. आमच्या भागात तेलुगूतही.

माझं खरं मागणं याहून स्वस्त आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरच्यांचा रक्तदाब, साखर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांचे कर्करोग तपासतात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्या सगळ्यांचं डेक्सा करा असं मागणं मूर्खपणाचं होईल. पण साखरेच्या गोळ्या न्यायला जो येतो त्याच्या कार्डावर दोन खाने वाढवता येतील : गेल्या वर्षात पडलात का? चाळिशीनंतर साध्या पडण्यानं हाड मोडलं का? दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं किंवा वय पासष्टच्या पुढं असलं, की त्याला खुबा आणि मणक्याच्या डेक्सासाठी चिठ्ठी मिळावी, आणि चिठ्ठीवर 'मधुमेह, टाइप 2, इतकी वर्षं' हे ठळक लिहिलेलं असावं. पहिल्याचं 'हो' आलं तर पायांची संवेदना, डोळे आणि रात्रीची गोळी बघावी. पायोग्लिटाझोन ही स्वस्त गोळी आपल्याकडे अजून भरपूर लिहिली जाते. बायकांमध्ये तिनं हाड मोडण्याचा धोका वाढतो, हे जगाला पंधरा वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. कुणी आपल्या मनानं ती बंद करू नये, पण हाड मोडलेल्या बाईच्या कार्डावर ती दिसली तर डॉक्टरांनी एकदा थबकावं.

शिवाय ही तपासणी कुठं होते, कोणत्या वारी होते, पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाला किती पैसे पडतात, हे प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवून ठेवा. अम्माच्या वेळी मी तीन दिवस फोन करत होते.

आता अडचण सांगते, कारण ती तुम्हालाच ठाऊक असणार. अम्माची गोळी महापालिकेच्या दवाखान्यातून येते. विडी कामगारांचे दवाखाने केंद्राच्या श्रम खात्याकडे आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, आणि खेड्यातली आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेमार्फत तुमच्याकडे. एका बाईचं मनगट एका खात्यात, साखर दुसऱ्यात, खुबा तिसऱ्यात. आमच्या कारखान्यात सूत, रंग आणि शिलाई अशा तीन वह्या आहेत, पण लॉट नंबर एकच असतो, म्हणून खराब माल कुठून आला ते संध्याकाळपर्यंत कळतं.

अम्मा आता वॉकर घेऊन दारापर्यंत येते. सकाळी आठ ते नऊ उन्हात खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना विचारते, ''साखर हाय का? पडलीस का कधी?'' मोरीत मी हँडल बसवून घेतलं, रबरी चटई टाकली. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं आणि तो देव्हाऱ्याशेजारी चिकटवला.

या पत्राला उत्तर देणार असाल तर आश्वासन नको. कार्डावर ते दोन खाने छापायला कोणत्या खात्याची सही लागते, एवढं कळवावं. मी तिकडे अर्ज करते.

आपली,
टॉवेल कारखान्यातली एक हिशेबनीस
पूर्व भाग, सोलापूर