आधी वहिनींसाठी मदत शोध

पुणे,
रविवार रात्र

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तुझे सात पानी पत्र मंगळवारी मिळाले आणि तेव्हापासून मनातल्या मनात त्याचे उत्तर लिहितो आहे. तू दोन प्रश्न विचारले आहेस: धाकट्या भावाची दारू सोडवण्यासाठी त्याला कोठे ठेवावे, आणि विसर वाढत गेल्याने नानांचे, तुझ्या वडिलांचे, आता घरी करणे अवघड झाले आहे तर त्यांना कोठे ठेवावे. दोन्हींविषयी मला जे ठाऊक आहे ते पुढे लिहितोच. परंतु त्या सात पानांत वहिनींविषयी एकच वाक्य आहे, 'हिची कंबर पुन्हा धरली आहे' एवढेच, आणि त्या वाक्यापासून सुरुवात केल्यावाचून मला राहवत नाही. नानांचे कपडे बदलणे, रात्री तीनदा उठून त्यांना परत अंथरुणावर आणणे, धाकटा उशिरा आला की आवाज न करता दार उघडणे, सकाळी शेजारणीला काहीतरी कारण सांगणे, हे सगळे कोण करते ते तू लिहिलेले नाहीस; पण मला कळते. आमच्याकडे दादाचे पिणे आणि आईचा विसर एकाच सुमारास वाढत गेले, तेव्हा मीही दोन वर्षे केवळ त्या दोघांसाठी डॉक्टर शोधत होतो. एका दुपारी माझी पत्नी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात तिला वजनकाट्यावर उभे केले तेव्हा ती किती खंगली आहे हे मला पहिल्यांदा दिसले. ते माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

म्हणून मदत शोधायची ती आधी वहिनींसाठी आणि तुझ्यासाठी शोध. धाकटा 'मला काही झालेले नाही' असे म्हणतो म्हणून तू इतके दिवस थांबला आहेस. पण घरच्यांनी मदत मागायला पिणाऱ्याची संमती लागत नाही. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६ वर चोवीस तास चालते. दोन्ही ठिकाणी फोन निःशुल्क आहे, टेली-मानसवर मराठीत बोलता येते, आणि पिणाऱ्याच्या पत्नीने, भावाने किंवा भावजयीने फोन केला तरी चालतो. पहिला फोन वहिनींनी करावा असे मला वाटते. काय विचारायचे ते ठरवून ठेवण्याची गरज नाही. घरात काय चालले आहे तेवढे सांगितले तरी पुष्कळ आहे.

दुसरे म्हणजे अल-अनॉन. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, ज्याला सगळे ए.ए. म्हणतात, ते म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचे मंडळ; ते १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठी अल-अनॉन १९५१ साली उभे राहिले. आपल्याकडे दोन्हींच्या सभा होतात. फी नसते, आडनाव कोणी विचारत नाही. माझी पत्नी पहिल्या दोन सभांत काहीच बोलली नाही, नुसती ऐकत राहिली. तेथे तिला तीन गोष्टी कळल्या: हा आजार आपल्यामुळे झालेला नाही, त्यावर आपला ताबा चालत नाही, आणि तो बरा करणे आपल्या हातात नाही. त्यानंतर तिने दादाच्या कार्यालयात 'त्यांना ताप आहे' असे फोन करणे थांबवले, आणि मी त्याची उधारी फेडणे थांबवले. प्रेम कमी झाले म्हणून आम्ही हे केले नाही. त्याच्या पिण्याचे परिणाम आम्ही झेलत होतो तोवर ते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते.

आता धाकट्याविषयी. आमच्या हातून झालेल्या तीन चुका आधी सांगतो, कारण तुझ्या पत्रात त्यांतली पहिली होण्याच्या बेतात दिसते. जाहिरातीतले 'न सांगता जेवणात मिसळा, दारू सुटेल' असे चूर्ण कृपा करून आणू नकोस. अशा पुड्यांत काय असते ते लिहिलेले नसते, आणि दारूशी न जुळणारे डायसल्फिरामसारखे औषध माणसाच्या नकळत पोटात गेले व वर तो प्यायला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणे, प्रसंगी प्राणावर बेतणे, असे काहीही होऊ शकते. हेच औषध डॉक्टर रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने देतात. ती गोष्ट निराळी. आम्ही एका ओळखीच्या माणसाकडून पुडी आणली आणि दादाला त्या रात्री रिक्षातून इस्पितळात न्यावे लागले.

दुसरी चूक अशी की त्यानंतर आम्ही त्याला घरात कोंडून दारू एकदम बंद केली. पहिल्या दिवशी हात थरथरले, तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे चालताना दिसू लागले आणि तो आईला ओळखेना. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान असा भ्रम होऊ शकतो. तो जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे दारू तोडणे ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन करण्याची गोष्ट आहे. उद्या धाकट्याने देवासमोर हात ठेवून शपथ घेतली, तरी त्याच दिवशी त्याला आधी डॉक्टरकडे ने.

तिसऱ्या चुकीविषयी लिहिताना अजून हात अडखळतो. एका खाजगी केंद्राची जीप रात्री आली आणि चार माणसांनी दादाला उचलून नेले. दोन महिने आम्हाला भेटू दिले नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या पायाच्या घोट्यावर वळ होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था आजारांत धरल्या आहेत, रुग्णाला साखळीने बांधण्यास सरळ मनाई केली आहे, आणि त्याला भेटीचा व फोनचा अधिकार दिला आहे. हे मला तेव्हा ठाऊक असते तर मी त्या रात्री जीपचे दार अडवले असते. तू कोणत्याही केंद्रात गेलास तर नोंदणीचा दाखला पाहा, मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष केव्हा येतात ते विचार, आणि घरच्यांना कोणत्या दिवशी भेटू देतात ते विचार. या तिसऱ्या प्रश्नाला जेथे उडवाउडवीचे उत्तर मिळेल तेथून उठून ये.

अखेर आम्ही येरवड्याला मुक्तांगणमध्ये गेलो. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली सुरू केलेले हे केंद्र तुला ऐकून ठाऊक असेलच. तेथील निवासी उपचार ३५ दिवसांचे असतात, आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तेथे समुपदेशक म्हणून काम करतात. दादा आमचे कोणाचेच ऐकत नव्हता, पण ज्याने स्वतः तीच फसवाफसवी केली आहे त्याच्यासमोर त्याची कारणे टिकेनात. तुला मात्र पुण्यापर्यंत येण्याची गरज नाही. साताऱ्याला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेले परिवर्तन केंद्र आहे, आणि कराडहून ते तासा-दीड तासावर आहे. आधी तू आणि वहिनी दोघेच जा. बाहेर पडल्यावरचा पाठपुरावा त्या ३५ दिवसांहूनही महत्त्वाचा आहे हे लक्षात ठेव. दादा आठ महिन्यांनी पुन्हा प्यायला होता, आणि 'सगळे वाया गेले' असे म्हणून आम्ही हात टेकले असते तर आज तो सहा वर्षे कोरडा नसता. हा मधुमेहासारखा उलटणारा आजार आहे आणि तो उलटला की पुन्हा उपचारांना जायचे असते.

नानांविषयी पहिली विनंती ही की 'वयच झाले' यावर थांबू नकोस. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधे, यांमुळेही विसर पडतो आणि त्यावर इलाज असतो, तेव्हा मेंदुविकारतज्ज्ञांकडून एकदा नीट तपासून घे. डिमेन्शियाच, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, निघाला तर तुम्ही एकटे नाही. आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना तो आहे, असा अलीकडच्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. संध्याकाळ झाली की नाना 'मला घरी सोडा' म्हणतात असे तू लिहिले आहेस. आमची आईही दिवेलागणीला पिशवी भरून दारात उभी राहायची. 'हेच घर आहे' असे आम्ही ओरडून सांगायचो आणि ती रडायची. पुढे माझी पत्नी तिला 'चला, सोडते' म्हणून चौकापर्यंत फिरवून आणू लागली आणि आई शांतपणे जेवायला बसू लागली.

ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ वर सकाळी आठ ते रात्री आठ चालते. जवळचे वृद्धाश्रम, दवाखाने, सरकारी योजना यांची माहिती तेथे मिळते. सत्तरीच्या पुढच्यांसाठी उत्पन्नाची अट नसलेले आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेव. त्यातून वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च निघतो, पण तो इस्पितळात दाखल झाल्यावरचा; घरी येणाऱ्या मावशींचा पगार आणि डायपर यांचा भार घरावरच पडतो, आणि लांबच्या आजारात घर त्या भारानेच वाकते. तेव्हा हा हिशेब तू आणि तुझ्या बहिणीने एकत्र बसून कागदावर मांडा. 'मुलीकडे कसे मागायचे' हा संकोच आता बाजूला ठेव.

मावशी ब्युरोकडून आणल्यास पोलीस पडताळणी झाली आहे का, त्या सुटीवर गेल्या तर बदली कोण येणार, आणि स्पंजिंग, भरवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे यांपैकी काय काय त्यांच्या कामात धरले आहे, हे आधी लिहून घे. बारा तासांसाठीच ठेवायच्या असतील तर रात्रीच्या ठेव, म्हणजे वहिनींना झोप मिळेल. वृद्धाश्रमात विचारताना लक्षात असू दे की पुष्कळ ठिकाणी स्वतः हिंडूफिरू शकणाऱ्यांनाच घेतात. डिमेन्शियाच्या रुग्णांना घेता का आणि पंधरा दिवसांच्या मुक्कामाची सोय आहे का, हे फोनवरच विचार. असा अल्प मुक्काम म्हणजे नानांना टाकणे नव्हे. आपण 'सेवा' म्हणतो आणि ती एकाच बाईच्या अंगावर सोपवून तिचे कौतुक करतो. आमच्या घरी ते कौतुक मीच करत होतो, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

धाकटा नानांकडून जमिनीच्या कागदावर सही घेऊ पाहतो, हे वाचून काळजी वाटली. या आठवड्यातच वकिलांना भेट. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते, आणि निर्वाहखर्चासाठीही तेथे अर्ज करता येतो. तरीही सही झाल्यावर धावण्यापेक्षा आधीच अडवलेले बरे. आणि पिऊन त्याने वहिनींवर हात उगारला, तर भाऊ म्हणून पाहत बसू नकोस, ११२ ला फोन कर.

पुढच्या शुक्रवारी रात्री मी कराडला येतो. शनिवारी दिवसभर नानांजवळ मी बसेन. मला ते सगळे करता येते, संकोच नको. तुम्ही दोघे सकाळच्या एस.टी.ने साताऱ्याला जाऊन या. नानांच्या गोळ्या कोणत्या वेळेच्या आहेत, आणि संध्याकाळी त्यांना कोणत्या रस्त्याने फिरायला आवडते, एवढे वहिनींना कागदावर लिहून ठेवायला सांग.

तुझा,
दत्ता