‘मुलं काय, रुळतातच!’

महोदय,

घर बदलायचं ठरलं की मोठ्यांच्या याद्या सुरू होतात. ट्रक कधी येणार, कपाट दारातून जाईल का, मीटर कोणाच्या नावावर? मुलांचा विषय निघाला की मात्र एकच उत्तर, ‘मुलं काय, रुळतातच!’ प्राथमिक शाळेत वर्गशिक्षिका म्हणून बरीच वर्षं काढल्यावर माझा यावर फारसा विश्वास उरलेला नाही.

नव्या वर्गात भोकाड पसरणाऱ्या मुलाची मला तितकी काळजी नसते. ते मोकळं होतं. गप्प, शहाण्यासारखं वागणाऱ्याकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं. एक मुलगी पाठीवरचं दप्तर उतरवायलाच तयार नसे, बाकाच्या कडेला टेकून बसायची. कारण विचारलं तर म्हणाली, ‘आम्ही परत जाणार आहोत ना!’ जुनं घर कायमचं सुटलंय, हे तिला घरी कुणी सांगितलंच नव्हतं. का, तर तिला वाईट वाटेल!

वाईट वाटणारच, वाटू द्यावं. पण खरं काय ते सांगावं आणि जुन्या मित्रमैत्रिणींचा नीट निरोप घेऊ द्यावा. लहानग्याचं सामान सगळ्यांत शेवटी बांधावं आणि नव्या घरी सगळ्यांत आधी उघडावं. फाटकी गोधडी या निमित्ताने परस्पर टाकून देऊ नये. सुटलेलं अंगठा चोखणं पुन्हा सुरू झालं, अंथरूण ओलं झालं, तरी रागावू नये. बहुतेकदा ते आपोआप थांबतं. झोपेच्या, भुकेच्या तक्रारी, शाळेच्या वेळेला दुखणारं पोट हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

सुट्टीतच घर बदलावं, असं सगळे सांगतात. मला ते सरसकट पटत नाही. सुट्टीभर त्या मुलाला खेळायला कोण असतं? शिवाय शाळा उघडते तेव्हा सगळाच गोंधळ, त्यात नवं मूल कोणाच्या ध्यानातही येत नाही. वर्षाच्या मध्ये आलेलं मूल निदान सगळ्यांना दिसतं.

शिक्षक मंडळींनाही एक विनंती. पहिल्याच दिवशी त्याला फळ्यापाशी उभं करून ‘ओळख करून दे’ म्हणू नका. मधल्या सुट्टीसाठी एक जोडीदार द्या आणि आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते दाखवा. विचारायची लाज वाटते म्हणून शाळा सुटेपर्यंत कळ काढणारी मुलं मी पाहिली आहेत.

– एक निवृत्त शिक्षिका