खुल्या कोडला परवान्याची धास्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंगापूर रोडवर मी १९ वर्षे संगणकाचे वर्ग घेते. दिंडोरीकडच्या माझ्या एका विद्यार्थ्याने घरच्या द्राक्षांच्या पॅकहाउसचा हिशेब एन्क्रिप्ट करून (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात) पेनड्राइव्हवर ठेवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. जेमतेम ४०० ओळी. कोड त्याने इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुला केला. महिन्याभरात एका सल्लागाराने त्याला घाबरवले : ‘एन्क्रिप्शन परदेशात गेलं की ती शस्त्रनिर्यात. आधी परवाना काढ.’ पोराने त्याच रात्री सगळे पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याने लॅपटॉप पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही.

ही भीती हवेतून आलेली नाही. अमेरिकेत एन्क्रिप्शन खरोखरच दारूगोळ्याच्या यादीत होते. फिल झिमरमन या अमेरिकन प्रोग्रामरने १९९१ मध्ये ‘पीजीपी’ हे ईमेल व फाइल एन्क्रिप्ट करणारे सॉफ्टवेअर फुकट वाटले, ते देशाबाहेर पोचले आणि त्याच्यामागे फौजदारी चौकशी लागली. १९९६ मध्ये खटला न भरताच ती थांबली. मधल्या काळात एमआयटी प्रेसने (पुण्यातली नव्हे, अमेरिकेतली) तो अख्खा कोड पुस्तक म्हणून छापला. कागदावर बाहेर गेला तर चालतो, फ्लॉपीवर गेला तर गुन्हा! आपल्याला तेव्हा ४० बिटांच्या कच्च्या एन्क्रिप्शनचे ब्राउझर मिळत, अमेरिकनांना १२८ बिटांच्या पक्क्या एन्क्रिप्शनचे. निर्यातीसाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली ती कुलपे सर्व्हरांत तशीच पडून राहिली आणि २०१५ मध्ये ‘फ्रीक’ त्रुटी उघडकीस आली तेव्हा खुद्द अमेरिकेतल्या साइटही धोक्यात सापडल्या. खुल्या कोडवरचे निर्यातीचे नियम अमेरिकेने २००० मध्येच सैल केले होते.

शस्त्रे आणि लष्करी वापर होऊ शकणाऱ्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या वासेनार करारात भारत डिसेंबर २०१७ मध्ये आला. आपल्या ‘स्कोमेट’ यादीतही (निर्यातीला परवाना लागणाऱ्या वस्तू व तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीतही) एन्क्रिप्शन आहे. ती यादी मी बसून वाचली. पुढे कोणालाही देता येईल असे, सर्वांना खुले असलेले सॉफ्टवेअर तिच्या बंधनातून वगळलेले आहे. हे मी त्याला दाखवले, तर म्हणाला, ‘मॅडम, तुमचं खरं असेल, पण लिहून कोण देणार?’

त्याचे काय चुकले? ती भाषा वकिलालाही दोनदा वाचावी लागेल. ही यादी काढणाऱ्या विदेश व्यापार महासंचालनालयाने ही सूट कोणाला आणि कधी लागू होते, हे उदाहरणांसह एका पानात सोप्या मराठीत प्रसिद्ध करावे, ही माझी कळकळीची मागणी आहे.

तपासायला दिलेली त्या कोडची प्रत माझ्याकडे आहे. ते पान हाती आले की त्याला परत करीन.

– एक संगणक शिक्षिका, नाशिक