रामसर ही परिषद नव्हे, करार आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२ फेब्रुवारीच्या जागतिक पाणथळ दिनानिमित्त आपल्या दैनिकात नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यावर आलेला लेख वाचला. छायाचित्रे सुरेख, पक्ष्यांची नावेही बिनचूक. खटकले ते एकच. 'रामसर परिषदेने दर्जा दिला' हे वाक्य. रामसर म्हणजे पाणथळ जागा जपण्यासाठी देशांनी आपसात केलेला करार; त्याच्या यादीत नाव गेलेली जागा ती रामसर स्थळ.

मी निफाड तालुक्यातला निवृत्त शिक्षक, नागरिकशास्त्र शिकवत असे. गाव धरणाच्या फुगवट्याला लागून. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ झाल्याची बातमी जानेवारी २०२० मध्ये आली, तेव्हा पारावर दोन शंका निघाल्या. हे रामाचे सर कुठले, ही पहिली. पंचवटी इथून फार लांब नाही, तेव्हा असे वाटणारच! रामसर हे इराणमधले कॅस्पियन समुद्राकाठचे शहर आहे, करार तिथे झाला म्हणून हे नाव, एवढ्यावर ती मिटली. दुसरी मात्र अजून अधूनमधून निघते. परिषद १९७१ सालीच उरकली ना, मग आता तिचा आमच्या गोदावरीशी काय संबंध?

विचारणाऱ्याचे काय चुकले? परिषद म्हटली की माणसे जमतात, भाषणे होतात, जेवणे आटोपतात आणि मंडप उतरतो. मूळ इंग्रजी शब्द आहे 'कन्व्हेन्शन'. त्याचे मूळ लॅटिन, अर्थ 'एकत्र येणे'. इंग्रजीत तो जमलेल्या सभेलाही लावतात आणि जमून जे ठरले त्यालाही. देशादेशांच्या व्यवहारात बहुधा दुसराच अर्थ असतो. अशा दस्तऐवजांचे नियम घालून देणाऱ्या १९६९ च्या व्हिएन्ना करारात तर स्पष्टच म्हटले आहे की, देशांनी आपसात लेखी केलेला आणि आंतरराष्ट्रीय कायद्याखाली येणारा करार, मग त्याला नाव काहीही द्या, 'ट्रीटी'च होय. युद्धकैद्यांच्या बाबतीत आपण 'जिनिव्हा करार' असेच छापतो. तिथेही मूळ शब्द कन्व्हेन्शनच आहे. मग पाणथळींनीच काय घोडे मारले?

'तह' सुचवणारे एक स्नेही भेटले. पण तहाला आधी लढाई लागते. 'करार' चांगला. अरबीतून फारसीमार्गे आलेला, मुळात स्थैर्य, ठरणे अशा अर्थाचा. 'बेकरार'मध्ये तोच आहे. शिवाय आमच्याकडे करारनामा म्हणजे काय, हे खंडाने जमीन कसणाऱ्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

शब्द बदलला की पुढचे प्रश्नही बदलतात. करार असेल तर कलमे काय, कोण बांधील, हे माणूस आपोआप विचारतो. भारत १९८२ पासून बांधील आहे. यादीत नाव घातल्याने त्या जागेवरचा देशाचा सार्वभौम हक्क जात नाही, असे दुसरे कलम सांगते. 'जमिनी परदेशी संस्थेकडे जाणार' ही आवई इथे मधूनमधून उठते, तिला हे उत्तर पुरेसे आहे. तिसऱ्या कलमात यादीतल्या पाणथळींचे संवर्धन आणि देशातल्या एकूणच पाणथळींचा शहाणपणाने वापर यांची जबाबदारी आहे. प्रदूषणाने किंवा माणसाच्या ढवळाढवळीने यादीतल्या जागेचे स्वरूप बदलत असेल, तर ते कराराच्या कार्यालयाला विनाविलंब कळवणेही त्यात आले. कादवा आणि गोदावरीच्या संगमावर साचणारा गाळ आणि दरवर्षी पसरणाऱ्या पाणवेली पाहणाऱ्याला हे कलम कामाचे आहे. कुठे काही बिघडले तर 'परिषदेत काय ठरले होते' असे कुणी विचारणार नाही. 'करारात काय आहे' हे मात्र ग्रामसभेत विचारता येते.

परिषदा होतात, नाही असे नाही. करारातले देश साधारण तीन वर्षांनी भरवतात. २०२५ ची झिंबाब्वेत व्हिक्टोरिया फॉल्स येथे झाली. 'परिषद' हा शब्द तिच्यासाठी राखून ठेवावा.

पुढच्या फेब्रुवारीत फ्लेमिंगोच्या छायाचित्राशेजारी चौकट करून तिसऱ्या कलमाचा मराठी मजकूर छापता आला तर पाहावे. जागा कमी पडली तर छायाचित्र थोडे लहान केले तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. निफाड, जि. नाशिक