फणी पाठवते आहे

॥ श्री ॥
वडगाव, बेळगाव

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, 'आई, शाळेनं मला काम दिलंय, पोरांच्या डोक्यातल्या उवा बघायचं,' आणि मी इतकी हसले की तुझे बाबा हातातला पेपर टाकून बाहेर आले. इंजिनिअर पोरगी नेदरलँड्सला, आइंडहोवनला जाऊन उवा बघते! त्यांना वाटलं तुझा कुणी अपमान केला. मला तसं वाटलं नाही. सुट्टी संपली की पालकांतल्याच दोघी-चौघींनी वर्गातल्या पोरांची डोकी तपासायची, अशी तिकडं पद्धतच आहे म्हणालीस. तीन वर्षं तुझं एकच रडगाणं होतं, माणसं चांगली आहेत पण दाराच्या आत घेत नाहीत, चहाला यायचं तर डायरी काढून तारीख बघतात. आता त्याच बायांनी आपल्या पोरांची डोकी तुझ्या हातात दिली की गं!

मी लग्न होऊन चंदगडकडून या गल्लीत आले तेव्हा डाव्या हाताला कन्नड विणकरांचं घर, समोर कन्नड, मागे कन्नड. दिवसभर मागाची खटखट आणि मला एक शब्द कळायचा नाही. तुझी आजी म्हणायची, सणाला ताट पाठव. मी पाठवायची. पुरणपोळी, करंज्या, कोथिंबीर वडी. ताट परत यायचं ते रिकामं नाही, गूळ नाहीतर साखर ठेवून, आणि त्या हसून 'बर्री, कूड्री', या, बसा, म्हणायच्या. मी दोन मिनिटं बसून उठायची. वर्षभर हे असंच. गोडाधोडाची देवाणघेवाण चालू होती आणि ओळख मात्र उंबऱ्याशी थांबलेली.

मग एकदा रात्री दूध कोमट होऊन बसलेलं आणि विरजणाला थेंबभर दही नाही, मांजरानं सांडलं होतं. बाबा बाहेरगावी. वाटी घेऊन मी शेजारच्या अक्कांच्या दारात गेले, बोटानं वाटीत ढवळून दाखवलं. अक्का आधी बघतच राहिल्या. मग हसत आत गेल्या, चमचाभर दही आणलं आणि मास्तरीणबाईंसारखं म्हणवून घेतलं, 'हेप्पु. हे-प्पु.' माझ्या कन्नडची सुरुवात त्या विरजणापासून. दुसऱ्या दिवसापासून अक्का भिंतीवरून हाक मारू लागल्या, 'ऊटा आत?' म्हणजे जेवण झालं का? आठवड्याभरात त्यांनी मला मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं. माझी कांडी सैल व्हायची, सूत गुंतायचं, मग त्या ओरडायच्या. पण ओरडायच्या हे महत्त्वाचं. पाहुणीवर कोण ओरडतं?

म्हणून तुला सांगते, केक करून शेजारी नेतेस ते ने, पण एखादी वस्तू मागूनही बघ. शिडी, भोक पाडायचं मशीन, काहीही. आणि मागताना मोडकंतोडकं का होईना, त्यांच्या भाषेत. त्या लगेच इंग्रजीवर येतात म्हणालीस ना? येऊ देत. तू डचच रेट.

एक मात्र वेगळं आहे. आपण बेळगावची मराठी माणसं कुठं गेलो नव्हतो. 1956 साली राज्यांची फेररचना झाली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं. माणसं होती तिथंच. एकदा मी एका सरकारी कचेरीत फॉर्म घेऊन उभी होते, तर टेबलावरच्या माणसानं कागदसुद्धा न बघता सांगितलं, कन्नडमध्ये बोला नाहीतर जा. मला कन्नड येत होतं. तरी मी बोलले नाही, घरी आले. आजही त्याचा मला पश्चात्ताप नाही. मराठीत कागद मागणं हा आपला हक्क, आणि अक्कांशी कन्नड बोलणं ही माझी हौस. या दोन्हींची भेसळ मी कधी केली नाही. तुझं तसं नाही, तू आपल्या पायांनी गेलीस. त्यांची भाषा शिकायचं तुझ्याकडे लागतं.

तिकडच्या आपल्या मराठी लोकांचा गणपती यंदाही हॉल भाड्यानं घेऊनच का? नेहमीचीच शंभर माणसं, नेहमीचीच नाटुकली. 1905 साली टिळकांच्या पुढाकारानं बेळगावात झेंडा चौकात गणपती बसला तो गल्लीतल्या सगळ्यांनी जमावं म्हणून. तुमच्या हॉलचं दार बंद असतं ना गं? त्या शाळेतल्या बायांना बोलाव की. मोदक नाही आवडले तर नाही आवडले.

नातवाचं कौतुक किती करू? 27 एप्रिलला राजाच्या वाढदिवशी रस्त्यावर चादर अंथरून जुनी खेळणी विकायला बसला, सगळं गाव नारिंगी कपड्यांत, आणि हा घासाघीस करतोय डचमध्ये! व्हिडिओ गल्लीत सगळ्यांना दाखवला. अक्का म्हणाल्या, गणपत गल्लीच्या बाजारात बसव याला. शाळेतली पोरं चार संध्याकाळी पाच-पाच किलोमीटर चालतात त्यात तू बंदोबस्ताला उभी राहणार आहेस ना, तेव्हा रेनकोट विसरू नको. आणि पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं की परदेशी माणसालाही तिथं नगरपालिकेला मत देता येतं, असं जावईबापू म्हणाले. दोन वर्षं राहिली. तोवर निदान आपल्या भागातली कचरापेटी कुणाच्या अखत्यारीत येते ते माहीत करून घे.

गल्लीतला एक मुलगा पुढच्या आठवड्यात तिकडं येतोय. त्याच्याजवळ अर्धा किलो कुंदा आणि आजीची लाकडी फणी पाठवते आहे. तिकडं लोखंडी मिळत असेल, पण ती पोरांना टोचते. वापरल्यावर गरम पाण्यातून काढ, आणि आधी स्वतःच्या डोक्यावर फिरवून बघ.

तुझी
आई